शेजारच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत: लस आज द्यावी का, फवारणी कशाची करावी, आणि गाई विकाव्यात का?

आपला प्रश्न मी नीट वाचला. काटोल रस्त्यावरच्या आपल्या गोठ्यात नऊ संकरित गाई, तीन म्हशी, चार वासरे आणि अंगणात बांधलेल्या सहा शेळ्या आहेत. साधारण तीनशे मीटरवर राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या दोन गाई तीन दिवसांपासून लाळ गाळत आहेत आणि लंगडत आहेत. आपल्या जनावरांना शेवटची लस सात महिन्यांपूर्वी टोचली होती. आपण गोठ्यात सकाळ-संध्याकाळ फिनाईल मारता, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करता, आणि आता विचारता की लस आजच टोचून घ्यावी का, फिनाईलऐवजी आणखी काही फवारावे का, आणि ‘रोग दारात यायच्या आत दोन दुभत्या गाई बाजारात काढू’ हे वडिलांचे म्हणणे मानावे का. मी नागपूर जिल्ह्यात पंचवीस वर्षांहून अधिक काळ जनावरांवर उपचार करत आहे आणि या रोगाच्या अनेक साथी गावागावांत फिरून पाहिल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम ‘रोग दारात यायच्या आत’ या शब्दांबद्दल. लाळ्या-खुरकूत झालेले जनावर आपल्या डोळ्यांना आजारी दिसण्याच्या आधीच विषाणू बाहेर टाकू लागते. त्याच्या लाळेतून, श्वासातून आणि दुधातून तो जात असतो, आणि दुधात तर तो लक्षणांच्या चार दिवस आधीपासून सापडू शकतो. शेजाऱ्यांच्या गाई तीन दिवसांपासून लाळ गाळत असतील, तर त्यांच्या गोठ्यातून विषाणू बाहेर पडायला लागून आठवडा झाला असण्याची शक्यता आहे. त्या आठवड्यात तेच दुधाचे वाहन दोन्ही दारांशी थांबले असेल, तोच मजूर दोन्हीकडे शेण काढायला आला असेल, कदाचित आपल्या गाई सकाळी गावाच्या आखरावर, म्हणजे चरायला नेण्याआधी गुरे जमतात त्या जागी, त्यांच्या गाईंशेजारी उभ्या राहिल्या असतील. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात. म्हणून आजपासूनचे चौदा दिवस आपण असे वागायला हवे की रोग कदाचित घरात आलेला आहे आणि तो एका जनावरापासून दुसऱ्याकडे जाऊ द्यायचा नाही. लस, फवारणी आणि विक्री या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी याच गृहीतकावर देत आहे.

मात्र हा रोग खरोखर लाळ्या-खुरकूतच आहे का, हे पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. लाळ गळण्याची कारणे अनेक असतात. जबड्यात अडकलेली काडी किंवा प्लॅस्टिक, तोंडातल्या जखमा, लम्पीची सुरुवात, आणि पायाच्या बाबतीत केवळ चिखलाने कुजलेले खूर, यांतले काहीही असू शकते. लाळ्या-खुरकूतची खूण अशी की १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप येतो, दूध एका दिवसात निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, जनावर ओठ मिटून ‘चप चप’ असा आवाज करते आणि तोंडातून तारेसारखी चिकट लाळ जमिनीपर्यंत लोंबते. पहाटेच्या शांततेत हा आवाज गोठ्याबाहेरूनही ऐकू येतो. असे तोंड उघडून जीभ हातात धरली की वरची पांढुरकी साल ओल्या कागदासारखी बोटांबरोबर निघून येते आणि खाली लाल, कच्चे मांस दिसते. वरच्या जबड्याच्या हिरडीवर, खुरांच्या बेचक्यात आणि कधी सडांवरही तसेच फोड असतात. तोंड आणि पाय एकाच वेळी, आणि एका जनावरापाठोपाठ दुसरे, असे दिसले तर संशयाला फारशी जागा उरत नाही. तरीही नमुना जायलाच हवा, कारण आपल्या देशात या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात आणि साथ कोणत्या प्रकाराची आहे हे प्रयोगशाळेतच कळते. फोडाच्या सालीचा नमुना पशुवैद्यकाने घ्यावा, आपण स्वतः त्या गोठ्यात जाऊन तोंड उघडून पाहू नये.

ही खबर आजच द्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवता येते. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अशा रोगाची माहिती देणे, आजारी जनावर वेगळे बांधणे, त्याला सामाईक चराईवर आणि सामाईक पाणवठ्यावर जाऊ न देणे, ही पशुपालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. शेजारी कळवायला कचरत असतील तर त्यांच्याशी फोनवर बोला. बहुतेक लोक रोग लपवतात ते दूध बंद होईल या भीतीने, आणि एखादा समजूतदार माणूस बोलला की ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आता रोग कसा येतो ते पाहू, कारण आपली बरीचशी मेहनत चुकीच्या दिशेने चालली आहे. २०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली तेव्हा आपण सर्वांनी गोठ्यात धूर केला, डास-माश्या-गोचीड मारले, कडुनिंबाचे तेल लावले. ते योग्यच होते, कारण लम्पीचा विषाणू मुख्यतः चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो. पण ती सवय आता प्रत्येक साथीला लावली जाते. लाळ्या-खुरकूतच्या विषाणूला डासाची गरज नसते. आजारी जनावराची लाळ, शेण, मूत्र, दूध आणि श्वास, आणि हे सगळे अंगावर, पायावर, चाकावर, दोरावर, बादलीवर घेऊन फिरणारी माणसे, एवढे त्याला पुरते. धुराने माश्या कमी होतील आणि जखमांत अळ्या पडणार नाहीत हा फायदा खरा आहे, पण रोग त्याने अडणार नाही.

हवेतून येतो का, असे लोक हमखास विचारतात. थंड, दमट हवामानाच्या देशांत तो वाऱ्यावर काही किलोमीटर, क्वचित समुद्र ओलांडूनही गेल्याच्या नोंदी आहेत. कोरड्या हवेत मात्र त्याचे तुषार लवकर निकामी होतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हवेतून दूरवर जाण्याची काळजी मी जवळपास करत नाही. सध्या पौषातली थंडी आहे, सकाळी धुके असते, आणि अशा दिवसांत ओल्या शेणात, कुटारात आणि सावलीतल्या चिखलात विषाणू कित्येक दिवस तग धरतो. तरीही तीनशे मीटर वाऱ्याची मला तितकी भीती वाटत नाही जितकी तीनशे मीटर चालत येणाऱ्या पायांची वाटते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत काटोल तालुक्यातल्या एका गावात एका सकाळी पाच गोठे पाहिले होते. पहिल्याच गोठ्यात गाय लाळ गाळत होती, मी तोंड उघडून पाहिले, हात साध्या पाण्याने धुतले आणि तेच गमबूट, तोच दोर घेऊन पुढे निघालो. दुसऱ्या गोठ्यात गाभण तपासणी होती, तिसऱ्यात कृत्रिम रेतन, चौथ्यात वासराची हगवण, पाचव्यात एक म्हैस वार टाकत नव्हती. आठवडाभरात त्या चारही गोठ्यांत रोग आला, आणि तो मी ज्या क्रमाने गेलो होतो त्याच क्रमाने आला. चौथ्या गोठ्यातले ते वासरू सकाळी आईला लुचत असतानाच खाली कोसळले आणि मेले. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूवर फिकट पिवळसर पट्टे होते, वाघाच्या कातडीवर असतात तसे. लहान वासरांत हा विषाणू हृदयाच्या स्नायूवर हल्ला करतो आणि तोंडात एकही फोड दिसण्याआधी ती दगावतात. त्या दिवसापासून लाळेचा निरोप आला की ती भेट मी दिवसाच्या शेवटी ठेवतो आणि तिथून थेट घरी जातो.

म्हणून आपल्या गोठ्यासाठी पहिले काम फाटक बंद करण्याचे आहे. दुधाचे वाहन रस्त्यावर थांबेल आणि कॅन आपला माणूस तिथे नेऊन देईल. कॅन परत आला की बाहेरूनही धुतल्याशिवाय आत येणार नाही. ढेपेची पोती रस्त्यावरच उतरवून घ्या, आणि शक्य असेल तर पुढचे दोन आठवडे पुरेल एवढी ढेप व कुटार एकदाच मागवा. जनावरे आखरावर पाठवू नका, गायक्याला, म्हणजे गुरे चारणाऱ्याला, पंधरा दिवसांचे पैसे द्या आणि काय झाले आहे ते सांगा, म्हणजे तोही इतरांना सांगेल. शेण काढणारा मजूर दोन्ही गोठ्यांत जात असेल तर त्याला एकाच ठिकाणी काम ठरवून द्या. गोठ्याच्या आत फक्त घरातल्या ठरलेल्या दोन व्यक्ती जातील, त्यांचे कपडे आणि पायताण आतच राहील. शेळ्यांना विसरू नका. शेळ्या-मेंढ्यांत हा रोग इतका सौम्य असतो की थोडे लंगडणे यापलीकडे काही दिसत नाही, पण त्या विषाणू मात्र पुरेसा पसरवतात. अंगणातल्या शेळ्या एरवी मोकळ्या सोडत असाल तर आता त्या बांधूनच ठेवा. आपल्या भागात बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांच्या कळपांना दोष देण्याची पद्धत आहे. त्यांच्या कळपातून रोग येऊ शकतो हे खरे, परंतु मी पाहिलेल्या बहुतेक गोठ्यांत तो नुकत्याच विकत आणलेल्या जनावराबरोबर किंवा आपल्याच माणसांच्या पायांबरोबर आला होता.

कामाचा क्रमही ठरलेला हवा. आधी वासरे, मग निरोगी दिसणारी दुभती जनावरे, आणि संशयित जनावर सगळ्यात शेवटी. संशयिताला हात लावल्यावर पुन्हा मागे फिरायचे नाही. धार काढताना प्रत्येक गाईनंतर हात साबणाने धुवावेत. यंत्राने धार काढत असाल तर संशयित गाईला यंत्र लावूच नये, तिची धार हाताने काढावी.

पुढचे साधन तापमापक आहे. या रोगात ताप साधारणपणे फोडांच्या आधी येतो, म्हणजे तापमापक आपल्याला डोळ्यांपेक्षा एक दिवस आधी सांगतो, आणि या रोगात एक दिवस म्हणजे फार मोठी सवलत आहे. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल तापमापक चालतो, फक्त तो जनावरांसाठी वेगळा ठेवावा. गुदद्वारात आतल्या बाजूला भिंतीला टेकेल असा धरावा आणि प्रत्येक जनावरानंतर धुवावा. सकाळी धारेच्या आधी आणि संध्याकाळी, सोळाही जनावरांचे आकडे एका वहीत लिहा, सोबत दुधाचे लिटर लिहा. १०१ ते १०२ अंश हे नेहमीचे आहे. १०३ च्या वर गेले किंवा दूध अचानक उतरले, तर त्या जनावराला तोंडात काही दिसण्याची वाट न पाहता त्याच क्षणी वेगळे बांधा. वेगळे म्हणजे त्याच दावणीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. वेगळी गव्हाण, वेगळी बादली, आणि त्याचे मूत्र इतरांकडे वाहत जाणार नाही अशी उताराची बाजू पाहून.

आता फवारणी. फिनाईलचा वास आला की गोठा स्वच्छ झाला असे वाटते, परंतु या विषाणूला चरबीचे बाह्य आवरण नसते आणि फिनाईलसारख्या द्रव्यांना तो फारशी दाद देत नाही, विशेषतः शेण-मातीचा थर असेल तर. त्याची खरी कमजोरी आम्ल आणि अल्क या दोन टोकांना आहे. सामू (पीएच) ६ च्या खाली गेला किंवा ९ च्या वर गेला की तो टिकत नाही. त्यामुळे किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा या कामाला उत्तम आहे. चार टक्के द्रावण करायचे, म्हणजे १० लिटर पाण्यात कोरड्या भुकटीचा सोडा ४०० ग्रॅम. खड्यांच्या स्वरूपातला सोडा असेल तर त्यात पाण्याचा अंश बराच असतो, म्हणून तो सुमारे १ किलो घ्यावा. खाण्याचा सोडा या कामाचा नाही. जमीन, गव्हाणीच्या भिंती, गमबुटांचे तळ, गाडीची चाके यांवर आधी झाडू आणि पाण्याने शेण पूर्ण काढायचे आणि मग हे द्रावण ओतून दहा मिनिटे तसेच राहू द्यायचे. शेणावर ओतलेला सोडा शेणातच संपतो. द्रावण हाताला आणि डोळ्यांना झोंबते, म्हणून हातमोजे घाला, जनावरांच्या अंगावर ते मारू नका, आणि अॅल्युमिनियमचे कॅन त्यात बुडवू नका, ते काळे पडून खराब होतात. कॅनसाठी आणि कपड्यांसाठी लिंबूसत्व (सायट्रिक अॅसिड) वापरावे, १० लिटर पाण्यात २० ग्रॅम. फाटकाशी घमेल्यात सोड्याचे पाणी ठेवून त्यात पाय बुडवून आत यायचे, आणि ते पाणी रोज बदलायचे, गढूळ झाले तर त्याआधीही. दारात कोरड्या चुन्याची पांढरी रेघ मारतात, तिच्यावरून पाय टाकून आत आलेल्या माणसाच्या बुटाचे तळ जसेच्या तसे असतात.

लस आज द्यावी का, याचे उत्तर दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे. लाळ्या-खुरकूतची लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनते, त्यामुळे लसीने रोग होत नाही. परंतु ती टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो, पहिल्यांदा टोचलेल्या जनावरात दोन ते तीन आठवडे धरावेत. नियमित लस झालेल्या जनावराचे शरीर लवकर प्रतिसाद देते, आणि आपल्या गाई त्या गटात असाव्यात अशी आशा आहे. ज्या जनावराच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला आहे त्याला आजची लस वाचवू शकत नाही. नेमक्या याच कारणाने साथ सुरू असताना लस टोचली की चार दिवसांनी फोड येतात आणि सगळे गाव म्हणते की लसीनेच रोग आणला. पुढच्या फेरीला मग कोणी जनावर पुढे करत नाही.

माझा सल्ला असा. आज आणि उद्या, दोन दिवस ताप मोजा. एकाही जनावराला ताप नाही, आणि गेल्या चौदा दिवसांत शेजाऱ्यांच्या जनावरांशी थेट संपर्क आलेला नाही, असे असेल तर लस टोचून घ्यावी. टोचणारी व्यक्ती त्या दिवशी शेजाऱ्यांच्या गोठ्यातून आलेली नसावी, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई असावी. सुई न बदलता दावणीवरून टोचत जाणे म्हणजे ताप लपलेल्या एका गाईचा रोग आपल्या हाताने पुढच्या गाईंना देणे आहे. एखाद्याला जरी ताप असेल, तर निर्णय प्रत्यक्ष पाहणाऱ्या पशुवैद्यकावर सोडा. मी स्वतः अशा गोठ्यात लस थांबवतो आणि ती भोवतालच्या गावांना, बाहेरच्या कडेपासून आत येत, टोचावी असा आग्रह धरतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिलेली असावी. बर्फात गोठलेली लस पुन्हा पातळ झाली तरी निकामीच असते, म्हणून बाटली बर्फाला चिकटलेली दिसली तर विचारायला संकोच करू नका. अगदी शेवटच्या महिन्यातली गाभण गाय असेल तर तिला धरताना होणाऱ्या ओढाताणीचा विचार करून पशुवैद्यक ठरवतील. टोचल्यावर दोन-चार दिवस दूध थोडे कमी येते, ते परत येते.

सात महिने झाले ही गोष्ट मला खटकली, कारण या लसीचे संरक्षण साधारण सहा महिनेच धरायचे असते. बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या जुन्या साथीच्या रोगाशी तुलना केली की हे लगेच ध्यानात येते. बुळकांडीच्या विषाणूचा एकच प्रकार होता आणि एका लसीने जनावर जवळपास जन्मभर सुरक्षित होत असे. म्हणून आपला देश २००६ मध्ये आणि सारे जग २०११ मध्ये त्या रोगापासून मुक्त झाले. लाळ्या-खुरकूतचे आपल्या देशातच तीन प्रकार आहेत, एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, आणि बरे झालेले जनावरसुद्धा घशात महिनोन्महिने, काही गाई तर वर्षापेक्षा जास्त, विषाणू बाळगून राहतात. २०१९ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी ही लस मोफत टोचली जाते, तिच्या फेऱ्या चुकवणे म्हणूनच महागात पडते. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावरून भारत पशुधन प्रणालीत लसीची तारीख मिळते. आठवणीवर न जाता ती पाहून घ्या. वासरांना चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने दुसरी, आणि मग सहा-सहा महिन्यांनी. तुमच्या चार वासरांपैकी ज्यांना एकच मात्रा झाली आहे, त्यांना लस झाली असे समजू नका.

वडिलांचे म्हणणे मला समजते. दोन दुभत्या गाई म्हणजे घरातले लाख-दीड लाख रुपये दावणीला बांधलेले आहेत, आणि ते डोळ्यांदेखत जाताना पाहणे सोपे नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि एवढे समजावून सांगा की आज निरोगी दिसणारी गाय बाजारात पोचेपर्यंत विषाणू टाकू लागलेली असू शकते. गुरांच्या बाजारात एका खुंट्याला दहा गावांची जनावरे बांधली जातात, आणि संध्याकाळी ती दहा गावांना, कधी छिंदवाड्याकडे, कधी वर्ध्याकडे जातात. बाजारातून विकत आणलेल्या एका गाईने वस्तीवरची सगळी दावण लाळेला लागलेली मी पाहिली आहे. विकणाऱ्याने ती याच विचाराने विकली होती, रोग यायच्या आत. प्रशासनाने क्षेत्र नियंत्रित म्हणून जाहीर केले तर जनावर बाहेर नेणे गुन्हाही ठरते. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. शिवाय हिशेबही विक्रीच्या बाजूने नाही. प्रौढ जनावरे या रोगाने फारशी मरत नाहीत, नीट सांभाळले तर दोन ते तीन आठवड्यांत जखमा भरतात, आणि साथीची बातमी लागलेल्या गावाची गाय बाजारात निम्म्या किमतीलाही कोणी घेत नाही.

दुधाबद्दल आपण विचारले नाही, पण सांगणे आवश्यक आहे. हा रोग माणसांसाठी धोक्याचा नाही आणि उकळलेले दूध घरात वापरायला हरकत नाही. तरीही ताप आलेल्या गाईचे दूध कॅनमध्ये मिसळू नका, कारण तो कॅन संकलन केंद्रावर इतरांच्या कॅनशेजारी उभा राहतो. वासरांना आजारी गाईला लुचू देऊ नका. दुसऱ्या निरोगी गाईचे, तेही उकळून कोमट केलेले दूध बाटलीने पाजा.

इतके करूनही रोग आलाच, तर विषाणूवर थेट औषध नाही, हे आधीच जाणून घ्या, म्हणजे कोणी हमखास बरे करणारे इंजेक्शन विकायला आले तर फसणार नाही. तोंड दिवसातून दोन-तीन वेळा लाल पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेट) पाण्याने, म्हणजे १ लिटरला १ ग्रॅम, धुवावे आणि बोरोग्लिसरीन लावावे. जिभेवर मीठ-हळद चोळण्याची जुनी पद्धत कृपा करून टाळा. सोललेल्या जिभेवर मीठ म्हणजे यातना, आणि त्यानंतर जनावर दोन दिवस तोंड उघडू देत नाही. खायला कडबा न देता ज्वारीच्या पिठाची गूळ घातलेली पातळ आंबील, भिजवलेली ढेप, कोवळा हिरवा चारा द्या. पाय लाल पोटॅशने धुऊन कोरड्या जागी बांधा, कडुनिंबाचे तेल लावा म्हणजे माश्या बसणार नाहीत. जखम पिकू नये म्हणून प्रतिजैविक लागेल का हे पशुवैद्यक ठरवतील. सडांवर फोड असतील तर दगडी (कासदाह) होण्याची भीती असते, म्हणून धार पूर्ण काढणे सोडू नका, ती दुखते तरीही. बरे झाल्यावर काही संकरित गाई उन्हात धापा टाकू लागतात, केस वाढतात, दूध पूर्ववत येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात अशा गाईला सावली आणि पाण्याचा मारा याशिवाय दुसरा आधार नसतो.

शेवटचे आजारी जनावर बरे झाल्यावरही चार आठवडे बाहेरचे जनावर आत आणू नका आणि आतले बाहेर काढू नका. त्यानंतर नवीन गाय घेतलीत तर ती तीन आठवडे वेगळ्या कोठ्यात ठेवून मगच दावणीला आणा.

आणि शेजाऱ्यांविषयी. त्यांच्या घरी आज दूध बंद आहे, गाई खात नाहीत, आणि गावातला कोणी त्यांच्या फाटकाशी थांबत नसेल. आपण या वेळी त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागलो, तर पुढच्या साथीत ते आणि त्यांना पाहणारे आणखी चार जण तोंड बंद ठेवतील. रोज फोन करा, जनावरांचे काय ते विचारा. ज्वारीचे पीठ आणि ढेपेचे पोते त्यांच्या फाटकाबाहेर ठेवून या. रिकामे पोते मात्र परत आणू नका.